बफर हलला, पॉइंटर तिथंच राहिला: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेले प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, कुणाचा पार्सर आहे, कुणाचा सर्व्हर, कुणाची कॉलेजची असाइनमेंट, पण दुखणं एकच: सी मध्ये रीॲलॉकने, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने, बफर वाढवला आणि त्या बफरच्या आतली जागा दाखवणारा जुना पॉइंटर कोडमध्ये कुठंतरी शिल्लक राहिला. म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतोय, एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाला येईल.

प्रश्न: नमस्कार सर, मी एक छोटा पार्सर लिहितोय. फाइल थेट रीड कॉलने वाचून एका बफरमध्ये भरतो, बफर कमी पडला की रीॲलॉकने वाढवतो आणि वाचता वाचताच टोकन (शब्द, चिन्हं असे तुकडे) कापत जातो. टोकनांचा ॲरे ग्लोबल आहे, त्यात प्रत्येक टोकनचा सुरुवातीचा पॉइंटर आणि लांबी. छोट्या फाइलवर सगळं ओके, वीस-तीस केबीच्या फाइलवर पण ओके. पण डीबग करायला लूपमध्ये प्रिंटएफ टाकला की पहिली एक-दोन टोकनं कचरा येतात आणि बाकीची बरोबर, प्रिंटएफ काढला की परत सगळं नीट! खूप मोठी फाइल दिली तर मात्र प्रिंटएफ नसतानाही सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर हात घातला म्हणून प्रोग्रॅम मरतो. प्रिंटएफने मेमरी कशी काय बिघडते?

उत्तर: बिचाऱ्या प्रिंटएफला बोल लावू नका, बिघडलेलं आधीच होतं, त्याच्यामुळे ते दिसायला लागलं एवढंच.

रीॲलॉक दोनपैकी एक गोष्ट करतो. तुमच्या ब्लॉकला लागून पुढं जागा मोकळी असेल तर तिथंच हातपाय पसरतो आणि जुनाच पत्ता परत देतो. नसेल तर दुसरीकडं मोठा ब्लॉक घेतो, जुना मजकूर तिकडं कॉपी करतो, जुना ब्लॉक फ्री करून टाकतो आणि नवा पत्ता देतो, म्हणजे बिऱ्हाड हललं. आणि बिऱ्हाड हललं की ज्यांना ज्यांना जुना पत्ता दिलाय त्या सगळ्यांना कळवायचं काम आपलं, रीॲलॉक कळवत नाही, त्याला तुमचा टोकनांचा ॲरे आहे हेच मुळात माहीत नसतं. तुम्ही बफरचा मुख्य पॉइंटर बदललात, टोकनांमधले पॉइंटर तसेच जुन्या जागेकडं बोट दाखवत राहिले.

आता प्रिंटएफची गंमत. तुम्ही ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, वापरताय असं धरतो. प्रोग्रॅममध्ये मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) एकदाच झालाय, त्यामुळे तुमचा बफर हीपच्या (मॅलॉक जिथून मेमरी देतो त्या भागाच्या) शेवटच्या टोकाला आहे आणि त्याच्यापुढं नुसती मोकळी जागा. अशा वेळी रीॲलॉकला हलायची गरजच पडत नाही, तो दरवेळी तिथंच वाढतो, जुने पॉइंटर नशिबाने बरोबर राहतात आणि तुम्हाला वाटतं कोड बरोबर आहे. प्रिंटएफ पहिल्यांदा चालला की ग्लिबसी आउटपुटसाठी स्वतःचा बफर घेते, तोही मॅलॉकनेच, आणि तो येऊन बसतो नेमका तुमच्या बफरच्या पुढं. वाट अडली. पुढचा रीॲलॉक हलणारच.

आणि पहिलीच टोकनं का कचरा? जुना ब्लॉक फ्री झाला की ग्लिबसी त्याची नोंद मोकळ्या ब्लॉकच्या यादीत ठेवते, आणि यादीचे दुवे ठेवायला वेगळी जागा घेत नाही, त्याच ब्लॉकच्या सुरुवातीचे १६ बाइट वापरते, मोठा ब्लॉक असेल तर कधी ३२. तेवढ्यात तुमची पहिली एक-दोन टोकनं बसत असणार. बाकीचा मजकूर अजून कुणी पुसलेला नाही म्हणून बरोबर दिसतोय, पण ती जागा आता तुमची नाहीये, पुढचा एखादा मॅलॉक तीच जागा उचलेल आणि मग मधलीच कुठलीतरी टोकनं जातील. स्ट्रक्ट किंवा स्ट्रिंगचा फक्त सुरुवातीचा तुकडा कचरा आणि शेपूट जसंच्या तसं, असं कधीही दिसलं की पहिला संशय फ्री झालेल्या मेमरीवर घ्यायचा, माझा तरी तो बहुतेक वेळा खरा निघतो.

मोठ्या फाइलचा सेगफॉल्टही त्याच घराण्यातला. साधारण १२८ केबीच्या वरचे ब्लॉक ग्लिबसी सुरुवातीला हीपमध्ये न घेता एमएमॅपने थेट कर्नलकडून घेते, आणि असा ब्लॉक वाढवताना एमरीमॅप वापरते. त्यात ब्लॉक हलला तर जुना पत्ता प्रोसेसच्या नकाशातूनच गायब होतो, तिथं वाचायला गेलात की कर्नल जागच्या जागी मारतो. खरं सांगायचं तर हा सेगफॉल्ट बरा, निदान ओरडून सांगतो.

उपाय. टोकनमध्ये पॉइंटर ठेवूच नका, बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर ठेवा, म्हणजे ऑफसेट आणि लांबी. मजकूर हवा असेल त्या क्षणी बफ + टोकन.ऑफसेट असं करून पॉइंटर काढा, काम करा आणि सोडून द्या, साठवून ठेवायचा नाही. बफर शंभर वेळा हलला तरी अंतर तेच राहतं. वर बोनस म्हणजे पॉइंटरला ८ बाइट लागतात आणि फाइल ४ जीबीच्या आतली असेल तर ऑफसेट ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटमध्ये बसतो, ४ बाइट, लाखो टोकनं असतील तर फरक कळतो.

पण तुमच्या जागी मी असतो तर याहून सोपं केलं असतं: आधी अख्खी फाइल वाचून घ्यायची, बफर वाढवायचा तेवढा वाढवून झाला की मग टोकन कापायला सुरुवात. वाढवणं आणि पॉइंटर काढणं हे दोन टप्पे एकमेकांत मिसळलेच नाहीत तर हा बग जन्मालाच येत नाही. सॉकेटवरून अखंड डेटा येत असेल तर हे जमणार नाही, तिथं ऑफसेटच, पण डिस्कवरच्या फाइलला उगाच एवढा खटाटोप कशाला.

प्रश्न: सर मी सेकंड इयरला आहे. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडायचं एक फंक्शन लिहिलंय, त्याला कॅरेक्टर पॉइंटर पास करतो, आत रीॲलॉक करतो, आतमध्ये प्रिंट केलं तर जोडलेली स्ट्रिंग बरोबर दिसते, मेनमध्ये परत आल्यावर कधी जुनीच, कधी कचरा. आणि शेवटी फ्री केलं की डबल फ्री म्हणून प्रोग्रॅम मरतो. मी तर एकदाच फ्री केलंय.

उत्तर: तू एकदा केलंस, रीॲलॉकने एकदा केलं, झाले दोन. सी मध्ये फंक्शनला जे पाठवतो त्याची कॉपी जाते, पॉइंटर पाठवला तर पॉइंटरची कॉपी. तुझ्या फंक्शनने स्वतःकडची कॉपी नव्या पत्त्यावर नेली आणि फंक्शन संपल्यावर ती कॉपी नाहीशी झाली, मेनमधला पॉइंटर अजून जुन्याच ब्लॉकवर, जो रीॲलॉकने आधीच फ्री केलाय. नवा ब्लॉक मात्र कुणाच्याच हातात नाही, म्हणजे लीकही झाला.

पुस्तकी उत्तर म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर पास कर किंवा नवा पॉइंटर रिटर्न कर. चालतं, पण मला दोन्ही फारसं आवडत नाही कारण कॉल करणारा रिटर्न व्हॅल्यू घ्यायला विसरला की परत तेच, आणि विसरतोच. त्यापेक्षा एक स्ट्रक्ट कर, त्यात डेटा, लांबी आणि क्षमता अशी तीन मेंबर, आणि सगळ्या फंक्शनला त्या स्ट्रक्टचा पत्ता दे. मग डेटाचा पत्ता फक्त एकाच ठिकाणी लिहिलेला असतो आणि वाढवणारं फंक्शन तिथंच तो बदलतं.

आणि तुझ्या कोडमध्ये अजून एक ओळ खटकली,

बफ = रीॲलॉक(बफ, नवी_साइझ);

ही ओळ जिकडंतिकडं दिसते आणि चूक आहे. मेमरी मिळाली नाही तर रीॲलॉक नल (कुठंच न दाखवणारा पॉइंटर) देतो आणि जुना ब्लॉक तसाच जिवंत ठेवतो, पण तू त्या नलने जुना पत्ताच पुसून टाकलास, आता तो डेटा वाचवताही येत नाही आणि फ्रीही करता येत नाही. आधी टेंप नावाच्या वेगळ्या पॉइंटरमध्ये घे, नल नाही ना बघ, मग बफमध्ये टाक. साइझ काढताना संख्या गुणिले एका घटकाचा आकार असं करतोस तिथं गुणाकार टाइपमध्ये न मावता ओव्हरफ्लो होऊन छोटाच आकडा निघू शकतो, हेही तपासायची सवय लाव. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने २०१४ मध्ये याच कामासाठी रीॲलॉकॲरे आणलं, ग्लिबसीमध्ये ते २०१७ च्या २.२६ पासून आहे.

प्रश्न: आम्ही एक्स्प्रेशनचं ट्री पॉइंटरने न जोडता एका वाढत्या ॲरेत ठेवलंय, प्रत्येक नोडमध्ये डाव्या-उजव्या पोराचा इंडेक्स. म्हणजे तुम्ही सांगता तसं इंडेक्सच वापरलाय! तरी एका कंपायलरवर बरोबर चालतं आणि दुसऱ्यावर काही नोडचा डावा इंडेक्स शून्यच राहतो. ओळ अशी आहे: ट्री->नोड्स[बाप].डावा = नवा_नोड(ट्री);

उत्तर: वा, हा माझा आवडता बग आहे. ओळ इतकी निरागस दिसते की कोड रिव्ह्यूमध्ये दहातले नऊ जण मान डोलावून पुढं जातील.

नवा_नोड आत रीॲलॉक करू शकतो, बरोबर? आता ही ओळ चालवताना कंपायलरला दोन कामं आहेत, डावीकडची जागा कुठली ते काढायचं आणि उजवीकडचं फंक्शन चालवायचं. यातलं आधी कुठलं हे सी भाषेने ठरवून दिलेलंच नाही. एक कंपायलर आधी फंक्शन चालवतो, मग ट्री->नोड्स वाचतो, त्याला नवा पत्ता मिळतो, सगळं छान. दुसरा आधी ट्री->नोड्स वाचून रजिस्टरमध्ये ठेवतो, मग फंक्शन चालवतो, आत ॲरे हलतो, आणि परत आल्यावर रजिस्टरमधल्या जुन्या पत्त्यावर इंडेक्स लिहितो. लिहिलं गेलं फ्री झालेल्या मेमरीत, नव्या ॲरेत मात्र कॉपी झालेला जुना शून्य तसाच. दोन्ही कंपायलर नियमाने बरोबर आहेत, आणि तोच कंपायलर ऑप्टिमायझेशन बदललं की पार्टी बदलू शकतो.

दोन ओळी करा, विषय संपला. आधी इंट न = नवा_नोड(ट्री); आणि मग ट्री->नोड्स[बाप].डावा = न; मध्ये सेमीकोलन आला की क्रम पक्का झाला.

म्हणजे इंडेक्स साठवणं हे निम्मं काम, इंडेक्सवरून काढलेला पत्ता किती वेळ हातात धरता हे उरलेलं निम्मं. याच कोडमध्ये अजून एक जागा शोधा, फंक्शनच्या सुरुवातीला नोड *मी = &ट्री->नोड्स[बाप] असं सोयीसाठी घेतलेलं असतं आणि मग खाली डाव्या बाजूसाठी रिकर्शन, उजव्या बाजूसाठी रिकर्शन, आणि शेवटी मी->प्रकार वगैरे भरलेलं. रिकर्शनमध्ये कितीही नोड तयार होऊ शकतात, त्यामुळे तो ‘मी’ पॉइंटर पहिल्या रिकर्सिव्ह कॉलनंतरच मेलेला धरायचा. माझा नियम असा की वाढवू शकणाऱ्या कुठल्याही फंक्शनचा कॉल ओलांडून आतला पॉइंटर न्यायचा नाही, कॉल झाल्यावर इंडेक्सवरून परत काढायचा. परत काढायला एक बेरीज लागते, तेवढ्याने काही प्रोग्रॅम स्लो होत नाही.

याचाच एक चुलत भाऊ: व्हेक्टरला (लागेल तसा वाढणाऱ्या ॲरेला) पुश करताना त्याच व्हेक्टरमधल्या घटकाचा पत्ता देणं, पुश(&व्ही, &व्ही.डेटा[०]) असं. पुश आधी जागा वाढवतो, ॲरे हलतो, आणि मग ज्या पत्त्यावरून कॉपी करायचं तोच पत्ता शिळा झालेला. सी++ च्या व्हेक्टरला स्वतःचाच घटक पुश केला तरी चालायलाच हवं असा नियम आहे, लायब्ररी लिहिणारे त्याची काळजी घेतात, आपल्या हाताने लिहिलेल्या सी च्या व्हेक्टरची काळजी आपणच घ्यायची. वाढवायच्या आधी तो घटक लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी करून घेणं सगळ्यात सरळ. पॉइंटर आपल्याच ॲरेच्या हद्दीत आहे का ते लहान-मोठं तपासून बघू असं काहींच्या डोक्यात येतं, पण दोन वेगळ्या ब्लॉकमधल्या पत्त्यांची अशी तुलना सी च्या नियमात बसत नाही, नका जाऊ त्या वाटेला.

प्रश्न: आमच्याकडं एक नेटवर्क सर्व्हर आहे, सगळी कनेक्शन एका ॲरेत, लूपमध्ये एकेक कनेक्शनचा पॉइंटर घेऊन त्याचा कॉलबॅक (त्या कनेक्शनसाठी नेमलेलं फंक्शन) चालवतो आणि नंतर त्याच पॉइंटरवर शेवटची वेळ लिहितो. लोड वाढला की दिवसातून कधीतरी मॅलॉकच्या आतमध्ये ॲबॉर्ट होतो, प्रत्येक वेळी वेगळ्याच फंक्शनमधून. वरिष्ठ म्हणतात आपोआप रिस्टार्ट होतोय ना, मग राहू द्या. खरंच राहू द्यावं का?

उत्तर: अजिबात नाही. आधी कारण सांगतो. कॉलबॅकमध्ये नवीन कनेक्शन स्वीकारलं जातं, ॲरे भरलेला असेल तर रीॲलॉक होतो, ॲरे हलतो, कॉलबॅक परत येतो आणि तुमचा लूप जुन्या पॉइंटरवर वेळ लिहितो. वाचणं आणि लिहिणं यात मोठा फरक आहे, जुन्या जागेतून वाचलं तर चुकीची किंमत मिळते किंवा प्रोग्रॅम तिथंच पडतो, पण लिहिलं तर त्या जागेचा जो नवा मालक असेल त्याचा डेटा जातो, आणि नवा मालक कुणी नसेल तर मघाशी सांगितलेले मोकळ्या यादीचे दुवे तुडवले जातात. मग पुढं कधीतरी भलत्याच फंक्शनने केलेला निष्पाप मॅलॉक ते तुटके दुवे बघतो आणि ॲबॉर्ट करतो. म्हणूनच दरवेळी वेगळं फंक्शन, आणि बॅकट्रेसमध्ये (कॉलच्या साखळीत) दिसणाऱ्या त्या फंक्शनचा गुन्ह्याशी काही संबंध नसतो.

रिस्टार्टने भागतं म्हणणाऱ्यांना हे दाखवा: फ्री झालेली मेमरी वापरणं ही सुरक्षेतल्या त्रुटींची नावाजलेली जात आहे, सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत तिला ४१६ हा स्वतंत्र नंबर आहे, आणि क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियम प्रोजेक्टने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या गंभीर सिक्युरिटी बगपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मेमरीचे आहेत आणि त्यातले निम्मे याच जातीचे. तुमचा सर्व्हर बाहेरच्या लोकांकडून डेटा घेतो, कोणती कनेक्शन कधी उघडायची हे बाहेरचा माणूस ठरवतो, म्हणजे तुमची मेमरी कधी हलणार हेही थोडंफार तोच ठरवतो. आज नुसता क्रॅश आहे म्हणून उद्याही नुसता क्रॅशच असेल असं धरून चालू नका.

लगेचचा उपाय छोटा आहे, कॉलबॅकनंतर पॉइंटर पुन्हा कनेक्शन्स[आय] वरून घ्या. टिकाऊ उपाय म्हणजे ॲरेत कनेक्शनचे स्ट्रक्ट न ठेवता त्यांचे पॉइंटर ठेवा आणि प्रत्येक कनेक्शन वेगळ्या मॅलॉकने घ्या, मग ॲरे हलला तरी फक्त पॉइंटरांची यादी हलते, कनेक्शन जागचं हलत नाही. यात एक मॅलॉक जास्त लागतो आणि डेटा हीपभर विखुरतो हे खरं, पण नेटवर्कच्या वेगापुढं ते जाणवणारही नाही.

मात्र कॉलबॅकमध्ये कनेक्शन बंद होऊन फ्रीही होत असेल तर हेसुद्धा पुरणार नाही. मग हँडल वापरा: ॲरेतल्या खणाचा नंबर आणि त्याच्यासोबत एक पिढीचा नंबर. खण रिकामा झाला की त्याची पिढी एकने वाढवायची. हँडल घेऊन कुणी आलं की आधी पिढी जुळते का बघायचं, नाही जुळली तर ते कनेक्शन आता नाही असं शांतपणे सांगायचं. ३२ बिट खण आणि ३२ बिट पिढी, दोन्ही मिळून एका ६४ बिट आकड्यात बसतात.

प्रश्न: सगळीकडं ऑफसेट करणं शक्य नाही, जुना कोड खूप आहे. मी असं करतो की रीॲलॉकनंतर नवा वजा जुना असा फरक काढतो आणि सगळ्या पॉइंटरमध्ये मिळवतो, आणि नवा पत्ता जुन्याएवढाच असेल तर काहीच करत नाही. इतकी वर्षं चाललंय. यात काही चूक आहे का?

उत्तर: चाललंय म्हणून बरोबर आहे असं नाही ना. रीॲलॉक यशस्वी झाला की जुन्या पॉइंटरची किंमतच भाषेच्या दृष्टीने निरर्थक होते, पत्ता योगायोगाने तोच आला असला तरी. जुना पॉइंटर वापरून वाचणं सोडा, त्याची तुलना करणं किंवा वजाबाकी करणंही नियमाबाहेर, शिवाय दोन वेगळ्या ब्लॉकमधल्या पत्त्यांची वजाबाकी तशीही चालत नाही.

हा फक्त कागदोपत्री नियम वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो, बराच गाजलेला आहे. इंटपुरता मॅलॉक करून पी मध्ये ठेवा, त्याच आकाराचा रीॲलॉक करून क्यू मध्ये घ्या, *पी मध्ये १ लिहा, *क्यू मध्ये २ लिहा, आणि पी आणि क्यू सारखे असतील तरच दोन्ही छापा. ऑप्टिमायझेशन लावून क्लँग कंपायलरने यावर १ आणि २ छापलेलं आहे. पत्ता एकच आणि तिथं एकाच वेळी दोन किंमती! कारण कंपायलर असं धरून चालतो की रीॲलॉकने दिलेला ब्लॉक हा नवाकोरा आहे आणि जुन्या पॉइंटरने त्याला कुणी हात लावूच शकत नाही.

जीसीसी कंपायलरने १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, यूज आफ्टर फ्री नावाची वॉर्निंग दिली आहे. मायनस वॉल (नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) लावलं की तिची दुसरी पातळी चालू होते, आणि तुम्ही करता तशी दोन पत्ते सारखे आहेत का एवढंच बघणारी तुलना पकडायला तिसरी पातळी हाताने चालू करावी लागते. जुन्या कोडवर एकदा तिसरी लावून बघा, बरंच काही वर येईल.

तुमची पद्धत फार न मोडता दुरुस्त होते: फरक काढायचा तो रीॲलॉकच्या आधी. प्रत्येक पॉइंटरसाठी अंतर = पी - बफ हे आधी काढून ठेवा, मग रीॲलॉक, मग पी = नवा_बफ + अंतर. आधी काढलेलं अंतर हा साधा आकडा आहे, त्याला काही होत नाही. आणि पत्ता तोच आला का हे तपासूच नका, दरवेळी पुन्हा लावा, म्हणजे हलल्यावरचा रस्ता रोज चालला जातो आणि त्यात चूक असेल तर टेस्टिंगमध्येच कळते.

प्रश्न: हे बग हलल्यावरच दिसतात आणि हलणं आपल्या हातात नाही, मग टेस्ट कसं करायचं?

उत्तर: हलणं आपल्या हातात आणायचं. ॲड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावा, जीसीसी आणि क्लँग दोन्हीत आहे, कंपाइल आणि लिंक करताना मायनस एफसॅनिटाइझ इक्वल टू ॲड्रेस, सोबत मायनस जी. त्याचा रीॲलॉक कधीच जागच्या जागी वाढवत नाही, दरवेळी नवा ब्लॉक घेतो, कॉपी करतो आणि जुना बाजूला विलगीकरणात ठेवतो, लगेच परत वापरायला देत नाही. म्हणजे जो बग दहा हजारातून एकदा दिसायचा तो पहिल्याच रनमध्ये हीप यूज आफ्टर फ्री म्हणून समोर येतो. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक ट्रेस असतात: कुठं वापरलं, कुठं फ्री झालं, मुळात कुठं घेतलं होतं. मधला बघा, त्यात तुमचा रीॲलॉक कॉल करणारी ओळ दिसली की समजा हाच तो. वेग साधारण निम्मा होतो, टेस्टसाठी चालण्यासारखं आहे. विलगीकरणाची जागा भरली की जुने ब्लॉक बाहेर पडतात, त्यामुळे खूप वेळ चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही सुटू शकतं, आणि जो रस्ता टेस्टने चाललाच नाही तिथलं काहीच कळत नाही हे वेगळं सांगायला नको.

परत कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड, वीस-तीस पट हळू, पण आहे त्या बायनरीवर चालतं. इनव्हॅलिड रीड आणि खाली अमुक साइझच्या फ्री झालेल्या ब्लॉकच्या आत इतके बाइट, असं लिहून येतं. त्यातला बाइटचा आकडा वाया घालवू नका, स्ट्रक्टमध्ये त्या अंतरावर कुठलं मेंबर आहे ते बघितलं की नेमकं कुठलं फील्ड वाचलं जातंय तेही कळतं. आणि अगदीच काही नसेल तर ग्लिबसीमध्ये मॅलॉक परटर्ब नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे (नावाच्या शेवटी अंडरस्कोअर लागतो, तो विसरतो आणि मग चालत नाही म्हणून बसतो आपण), त्याला शून्य सोडून आकडा दिला की फ्री केलेली मेमरी भलत्याच बाइटने भरली जाते, म्हणजे जुना मजकूर बरोबर दिसायची सोयच राहत नाही.

रीॲलॉकला गुंडाळून लिहिलेलं स्वतःचं वाढवणारं फंक्शन (रॅपर) असेल तर डीबग बिल्डमध्ये त्यातच रीॲलॉकऐवजी मॅलॉक, कॉपी, जुन्यावर कचरा फासणं आणि फ्री असं करून टाका, आणि सुरुवातीची क्षमता १ ठेवा. क्षमता ६४ ने सुरू केली की छोट्या टेस्टमध्ये वाढायची वेळच येत नाही.

प्रश्न: बफर कधी हलूच नये अशी काही सोय आहे का?

उत्तर: आहे. सगळा डेटा सलग लागत नसेल तर ठराविक आकाराचे तुकडे घ्या, भरला की नवा तुकडा, जुन्याला हात लावायचा नाही, आतले सगळे पत्ते कायम टिकतात. सलगच हवा असेल आणि ६४ बिट मशीन असेल तर लिनक्सवर एमएमॅपने कुठलीच परवानगी न देता भरपूर मोठी पत्त्यांची जागा राखून ठेवायची आणि लागेल तसं एमप्रोटेक्टने पुढची पानं उघडत जायची, विंडोजवर हेच काम व्हर्च्युअल ॲलॉकने रिझर्व्ह आणि कमिट अशा दोन पायऱ्यांत होतं. राखलेल्या जागेला खरी रॅम लागत नाही, वापराल तेवढीच लागते. वरची मर्यादा मात्र आधी ठरवावी लागते.

प्रश्न: गेटलाइनने ओळ वाचतो, स्ट्रटॉकने शब्द कापून त्यांचे पॉइंटर ॲरेत ठेवतो, फाइल संपल्यावर सगळे शब्द शेवटच्या ओळीतलेच किंवा कचरा. मी तर रीॲलॉक कुठंच केलेला नाही.

उत्तर: तुम्ही नाही, गेटलाइनने केला. लांब ओळ आली की तो तुमचा बफर स्वतः रीॲलॉक करतो, म्हणून तर त्याला पॉइंटरचा पत्ता द्यावा लागतो. आणि हलला नाही तरी पुढची ओळ त्याच जागेवर लिहिली जाते, त्यामुळे इथं ऑफसेटनेही काम होणार नाही. शब्द ठेवायचे असतील तर प्रत्येकाचा स्ट्रडप करा, म्हणजे नव्या मेमरीत कॉपी, शेवटी फ्री करायला विसरू नका.

प्रश्न: रीॲलॉकला शून्य साइझ दिली तर फ्री होतं ना?

उत्तर: ग्लिबसीवर होतं आणि नल परत येतो, दुसरीकडं काहीही होऊ शकतं, आणि सी२३ मध्ये तर हे सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर (काय होईल याची भाषेकडून काहीच हमी नाही) केलंय. फ्री करायचं असेल तर फ्री लिहा.